आत्याचं क्रियापद

फेब्रुवारी अर्धा सरला की सोलापूरच्या रस्त्यांवर कडब्याच्या ट्रॉल्या दिसू लागतात. ट्रॉलीच्या दुप्पट रुंदीचा कडबा रचलेला असतो. मागच्याला पुढचं काही दिसत नाही, आणि हॉर्नही कुणी वाजवत नाही, कारण वाजवून ट्रॉली अरुंद होणार नसते. मी स्कूटर मागे ठेवून सावकाश जातो. वाळलेल्या धाटांचा वास येतो, थोडा गोडसर, थोडा मातकट. त्या वासाबरोबर मला दरवर्षी एक हिब्रू क्रियापद आठवतं.

हे ऐकून माझी बायको हसते. "लोकांना कडब्याच्या वासानं म्हैस आठवते," ती म्हणते. हसू दे. मला क्रियापद आठवतं हे खरं आहे, आणि ते माझ्या आत्याचं आहे, हेही खरं आहे.

क्रियापद आहे लाकट. अर्थ वेचणे. जमिनीवर विखुरलेलं काही वाकून, एकेक करून उचलणे.

मी टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब पाहतो. मूळ व्हाउचर समोर आल्याशिवाय मी सही करत नाही. यावरून ऑफिसात माझी चेष्टा होते, पण माझ्या सहीवर कुणी प्रश्न काढत नाही. आमचं कुटुंब तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. लहानपणापासून शास्त्र, म्हणजे बायबल, वाचत आलो. पन्नाशीच्या जवळ आल्यावर एकदा दोन भाषांतरं शेजारी ठेवून वाचत होतो, तर एका ओळीत ती जुळेनात. मग मला चैन पडेना. दोन प्रती जुळत नसतील तर मूळ कागद काढायचा, एवढंच मला कळतं. सात रस्त्याजवळ एक निवृत्त पाळकसाहेब राहतात. ते दर गुरुवारी संध्याकाळी घरी हिब्रू, म्हणजे जुन्या कराराची मूळ भाषा, शिकवतात असं समजलं. गेलो. सुरुवातीला आम्ही बरेच जण होतो. उजवीकडून डावीकडे वाचायची वेळ आली तेव्हा गर्दी ओसरली, आणि तिघे उरलो.

पाळकसाहेबांची शिकवण्याची पद्धत वेगळी होती. पहिलं वर्ष अक्षरं आणि व्याकरण. दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला एक क्रियापद द्यायचे. ते घेऊन अख्खा जुना करार धुंडाळायचा. कुठे आलंय, कोण करतंय, कशाचं करतंय, सगळं पाहायचं. बँकेतून निवृत्त झालेल्या बाईंना त्यांनी "आठवणे" दिलं. दुसऱ्या गृहस्थांना "निर्माण करणे" मिळालं. मला वाटलं, मलाही असंच काही भरघोस मिळेल.

"तुम्हाला लाकट," पाळकसाहेब म्हणाले. "वेचणे."

"वेचणे?"

"नाराज झालात?"

"नाही. पण जरा लहान वाटतं."

"लहानच आहे," ते म्हणाले. "ज्याला खाली वाकता येतं त्यालाच ते करता येतं. तुम्ही आयुष्यभर गोळाबेरीज केलीत. आता गोळा कसं होतं ते बघा."

मी नेटानं बसलो. क्रियापद लहान असलं तरी त्याचा वावर मोठा निघाला. रानातून निघालेले भुकेले लोक सकाळी उठून दंवाबरोबर पडलेलं अन्न वेचतात, तिथे लाकट. तिथे एक गोष्ट अशी आहे की ज्यानं जास्त वेचलं त्याच्याकडे उरलं नाही आणि ज्यानं कमी वेचलं त्याला कमी पडलं नाही. ही जुळणी मला आजतागायत सुटलेली नाही. मैत्रीची खूण म्हणून दगडांची रास करायची, त्यासाठी दगड वेचतात, तिथे लाकट. सोडलेले बाण वेचून आणायचे, तिथेही. बागेतली फुलं खुडायची, तिथेही. आणि एका पराभूत राजाच्या तोंडी एक भयंकर आठवण आहे. त्यानं ज्यांचे अंगठे तोडले होते असे कितीतरी राजे त्याच्या मेजाखाली तुकडे वेचत असत. वेचण्यात मान असतोच असं नाही, हे मी तेव्हा कागदावर लिहून ठेवलं. मान कशानं येतो आणि कशानं जातो, ते मला कळायचं होतं.

सगळ्यात दाट वस्ती एका लहानशा कथेत सापडली. परमुलखातली एक विधवा सून आपल्या विधवा सासूबरोबर सासूच्या गावी येते. सातूचा हंगाम सुरू असतो. सून परक्याच्या शेतात कापणीवाल्यांच्या मागून पडलेली कणसं वेचते. त्या कथेच्या एकाच अध्यायात लाकट बारा वेळा येतं. मी दोनदा मोजलं. बारा.

आमच्या मराठी शास्त्रात या वेचलेल्या कणसांना सरवा म्हटलंय. हा शब्द माझ्या बायकोला, म्हणजे शहरात वाढलेल्या माणसाला, समजावून सांगावा लागला. काढणी झाल्यावर रानात चुकून पडून राहिलेली कणसं म्हणजे सरवा. पण आमच्या गावात त्याला भाषांतर लागत नाही. आमच्या गावात सगुणा आत्या होती, आणि आहे.

आमचं गाव मंगळवेढ्याच्या वाटेवर आहे. काळी, खोल जमीन. तिथला शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, एकदा पेरल्यावर पावसाची वाट पाहत नाही. जमिनीतल्या ओलीवर आणि पहाटेच्या दंवावर उभी राहते. माघात कणसं भरतात, दाणा मोत्यासारखा होतो. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, ते रान शेवटपर्यंत स्वतः पाहत. सगुणा आत्या त्यांची धाकटी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला. पदरात मूल नव्हतं. माहेरी परत आली. देवळाशेजारी, म्हणजे आमच्या चर्चशेजारी, दोन खोल्या होत्या, तिथे राहिली. भावाच्या जमिनीत वाटा मागितला नाही. भावाच्या ताटात जेवलीही नाही. लोकांच्या रानात मजुरी करायची, दोन शेळ्या पाळायची, आणि सुगीत सरवा वेचायचा. तो सरवा झोडपून, पाखडून तिची उतरंड भरायची. पाऊस पडेपर्यंत तिला विकतची ज्वारी लागत नसे.

सरवा वेचायला कोणीही येऊ शकतं, पण आमच्या रानात पहिली हाक आत्याची असायची. मी शाळेत असल्यापासून ते पाहिलंय. शेवटची पेंढी रानातून उचलली की आत्या बांधावर येऊन उभी राहायची. ओटी खोचलेली. तिथून ओरडायची, "येऊ का रं?" आणि अण्णा, जिथे असतील तिथून, मान वर न करता म्हणायचे, "ये." बस. ना नमस्कार, ना चौकशी. मला लहानपणी ते तुसडं वाटायचं. बहीण आली तर तिच्याकडे बघावं तरी माणसानं.

मी सांगतोय त्या वर्षी अण्णा पावसाळ्यात गेले. पेरणी वाटेकऱ्यानं केली, आणि काढणीला मी उभा राहिलो. पहिल्यांदाच. रजा टाकली, कौसाबाईला निरोप धाडला. कौसाबाई गावातल्या बायकांची टोळी घेऊन काढणी करते. तिचा हात तेज आणि जीभ त्याहून तेज.

ज्वारीची काढणी म्हणजे कापणी नव्हे. ताट, म्हणजे अख्खं धाट, मुळासकट उपटायचं, मुळाची माती पायावर झटकायची, ओळीत आडवं टाकायचं. दोन-चार दिवस वाळलं की कणसं मोडून पाटीत, पाटीतून खळ्यावर, आणि उरलेल्या धाटांच्या पेंढ्या बांधायच्या. मी प्रत्येक टप्प्यावर उभा होतो. कौसाबाईला पहिल्याच दिवशी सांगितलं, एकही कणीस रानात राहायला नको. काम चोख हवं. तिनं माझ्याकडे बघितलं, तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "बरं दादा. तुमी म्हणाल तसं."

रान चोख झालं. इतकं की पाखरंही उतरून निराश होऊन उडाली. शेवटची पेंढी उचलली, आणि बांधावरून हाक आली.

"येऊ का रं?"

मी काय केलं ते सांगतो. मी धावत बांधावर गेलो. आत्याचा हात धरला, तिला लिंबाच्या सावलीत बसवलं, पाणी दिलं. म्हणालो, "आत्या, आता या वयात वाकायचं नाही. तुझे गुडघे बघ. मी आहे ना. यंदाच्या मळणीतलं एक भरलं पोतं तुझ्या घरी येईल. दर वर्षी येईल. तू फक्त बसून खा."

पोतं देणं चूक होतं असं मी आजही म्हणत नाही. ज्वारी उत्तम होती. माप पूर्ण होतं. माझ्या मनात काही वाकडं नव्हतं.

आत्या पाणी प्याली, उठली, आणि निघून गेली. मळणी झाल्यावर पोतं तिच्या दारात उतरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडीतून ते परत आलं. गाडीवान म्हणाला, "आत्यानं सांगितलंय, चुकून आलंय."

मी तिच्याकडे गेलो. ती शेळीला पाला घालत होती.

"आत्या, पोतं का परत पाठवलंस?"

"मी मागितलं हुतं व्हय?"

"तुला कष्ट नकोत म्हणून दिलं."

"व्हय की. बसून खा म्हणालास." तिनं पाल्याची फांदी शेळीच्या तोंडापुढे हलवली. "बसूनच खायाचं आसंल तर आश्रमात जाऊन खाती. तितं मिशनच्या बायका हायत. जेवाय घालत्यात, लुगडं देत्यात. सोमवारी तितली बाई बघाय येणार हाय. मी निरोप दिलाय."

"आश्रमात? आणि गाव?"

"गावात माजं काय हाय रं आता? आण्णा हुता तवा रान हुतं. आता तू हायस, पोतं हाय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, हेच मला जास्त लागलं. राग असता तर समजूत घालता आली असती. ती नुसती हिशेब सांगत होती, आणि तो जुळत होता.

मी सोलापूरला परतलो. पंचवीस-तीस वर्षांत मी हजारो ताळेबंद पाहिले असतील, पण जुळलेल्या हिशेबानं जेवणाची चव गेली ती त्या रात्री पहिल्यांदाच. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू तिला पेन्शनीत काढलंस." तिची बोलायची तऱ्हा अशीच आहे. अचूक, आणि सांत्वन अजिबात नाही.

गुरुवारी वर्ग होता. माझं क्रियापद मांडायची पाळी माझीच होती. मी तयारी करून गेलो होतो, पण मांडण्याऐवजी आत्याची हकिगत सांगून बसलो. बँकेच्या बाई म्हणाल्या, "बिचाऱ्या म्हातारीला अभिमान नडतो." पाळकसाहेबांनी नियमशास्त्रातलं एक पान उघडलं आणि माझ्यापुढे सरकवलं. शेतमालकाला उद्देशून लिहिलेल्या आज्ञा. मी त्या पूर्वी वाचल्या होत्या, माझ्या यादीतही होत्या. पण नोंद करणं वेगळं आणि वाचणं वेगळं.

"इथे मालकाला लाकट कर असं सांगितलंय की करू नको?" त्यांनी विचारलं.

"करू नको."

"मग काय कर म्हटलंय? दे?"

मी शोधलं. तिथे "दे" नव्हतं. "सोड" होतं. गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडून दे. पडलेलं वेचू नकोस, शेताचा कोपरा साफ करू नकोस, सोड आणि पुढे जा.

मी हार मानणारा नाही. मी त्यांना सातूच्या हंगामाची ती कथा काढून दाखवली. "पण इथे तो शेतमालक पुढच्या अध्यायात तिला मोजून धान्य देतोच की. सहा मापं. तिच्या अंगावरच्या चादरीत घालून."

"देतो," पाळकसाहेब म्हणाले. "पण आधी तिला वेचू दिलं. आणि कापणीवाल्यांना बजावलं, तिला लाजवू नका. उलट पेंढ्यांतली थोडी कणसं मुद्दाम ओढून टाका, तिला वेचता येतील अशी." त्यांनी चष्मा पुसला. "तुमच्या रानात अजून काही शिल्लक आहे का?"

होतं. ओढ्याकडची पट्टी. तिथे ओल जास्त, म्हणून ज्वारी उशिरा पिकते. कौसाबाईच्या टोळीनं ती उपटून वाळत टाकली होती. कणसं मोडायची शनिवारी ठरली होती.

बसमध्ये माझं सगळं ठरलं. शास्त्रात उपाय दिलेलाच होता. मुद्दाम टाकायची.

शनिवारी सकाळी मी रानात पोचलो तेव्हा उन्हाला अजून धार आली नव्हती. बायका ओळीनं बसून कणसं मोडत होत्या. कडाकडा आवाज, मधेच हसणं. ओढ्याच्या काठानं दंव सुकत होतं आणि जमिनीतून थंड, लोखंडासारखा वास येत होता. बांधावर आत्या होती. दोन्ही शेळ्या घेऊन.

"आलीस आत्या?" मी म्हणालो.

"मी शेळ्या चाराय आलीया. तुज्या रानात न्हाय आली."

पहिल्या ओळींतल्या पेंढ्या उचलल्या गेल्या होत्या. मी पाटीतून चांगली भरलेली कणसं घेतली आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून मोकळ्या रानात ठेवत गेलो. सारखी वाटली जावीत म्हणून ठरावीक अंतरानं. एक ओळ झाली, दुसरी सुरू केली.

"ए कौसे," बांधावरून आवाज आला, "त्यो साहेब काय मांडतोय ग तितं?"

कौसाबाईनं मान वळवली. मग सगळ्यांनीच वळवली.

"रांगोळी काढत्यात वाटतं आत्या," कौसाबाई म्हणाली, आणि अख्खी टोळी फुटली.

"वाव वाव अंतरानं कणसं पडत्यात व्हय रं कुटं?" आत्या आता बांधाच्या अगदी टोकाला येऊन उभी होती. "आन् समदी दांडं एकाच दिशंला! ही सांडल्याली न्हाईत. ही मांडल्याली हायत. मी काय कोंबडी हाय दाणं टाकाय? उचल ती."

मी उचलली. एकेक करून, वाकून, सगळ्यांच्या देखत. दुसऱ्या ओळीच्या शेवटी माझ्या लक्षात आलं की मी ज्या क्रियापदाच्या मागे वर्षभर फिरत होतो, ते मी पहिल्यांदा करतोय. कंबर भरून आली होती. कणसाच्या कुसानं बोटं खाजत होती.

कणसं पाटीत परत टाकली, आणि मग मला राग आला. कुणाचा ते माहीत नाही. कौसाबाईच्या शेजारची ओळ रिकामी होती. मी पँट वर दुमडली आणि कणसं मोडायला बसलो.

मी हे काम जन्मात केलं नव्हतं. कणीस मोडायला मनगटाची एक लय लागते, ती माझ्याकडे नव्हती. मी ओढलं की धाटच हातात यायचं. जोर लावला की कणीस उडून मागे पडायचं. धाटांच्या आत दडलेली लहान कणसं मला दिसायचीच नाहीत. दोन पाट्या होईपर्यंत तळहात सोलले. पण ऊन चढत होतं, माणसं कमी होती, आणि मला थांबायचं नव्हतं.

"दादा," कौसाबाई म्हणाली, "तुमी काढताय का पेरताय?"

"पेरतोय," मी म्हणालो. "तुझ्या बापाचं काय जातंय?"

असं मी कुणाला बोलत नाही. पण त्यावर बायका इतक्या हसल्या की त्यानंतर मला कुणी साहेब म्हटलं नाही. दुपारी त्यांनी आपल्या फडक्यातली भाकरी दिली, वर लसणीची चटणी. मी पाहुण्यासारखा लाजत नाही, हे बघून कौसाबाईनं अर्धी आणखी वाढली.

दुपारनंतर एक वेळ अशी आली की मला मागे वळून बघायची फार इच्छा झाली. माझ्या ओळीत किती पडलंय, किती राहिलंय, अंदाज तरी घ्यावा. माझा स्वभावच तो. दिवसअखेर मी शिल्लक मोजल्याशिवाय उठत नाही. मान वळायला लागली होती. तेवढ्यात पाळकसाहेबांनी सरकवलेलं ते पान डोळ्यांपुढे आलं. करू नको. त्या नकाराची मला तोवर खरी ओळख नव्हती. मला वाटायचं, मालकाला ही आज्ञा दिली कारण मालक हावरट असतो. तसं नाही. काही मालक नुसते नीटनेटके असतात. त्यांनाही ती लागते.

मी मागे बघितलं नाही. पुढचं धाट धरलं.

संध्याकाळी ट्रॉली आली. पेंढ्या चढल्या. पाट्या गेल्या. शेवटची पेंढी मीच उचलून दिली, आणि ट्रॉलीच्या दांडीला टेकून उभा राहिलो. पाठ बांधाकडे. बायका पदर झटकत होत्या. ओढ्यात टिटवी ओरडत होती. आणखी काहीच आवाज नव्हता. सोमवार दोन दिवसांवर होता.

"येऊ का रं?"

मला तेव्हा अण्णा कळले. मान वर न करता बोलायचे, ते तुसडेपणानं नव्हे. तिच्याकडे बघितलं असतं तर ती मागणारी झाली असती आणि ते देणारे. न बघता "ये" म्हटलं की रान फक्त रान राहतं, आणि त्यात शिरणारी बाई त्या रानाची.

"ये," मी म्हणालो. ट्रॉलीकडे बघत.

मागून वाळक्या पाल्यावर पावलांची करकर. मग वाकल्यावर तिच्या तोंडून निघणारा हुंकार. आणि मग तिचं सुरू झालं.

"आरं देवा. कसलं हे काम? निम्मं रानात टाकलंय की रं! हे बघ, हे बघ, आख्खं भरल्यालं कणीस. आण्णा असता तर टाळकं फोडलं असतं तुजं. शिकलाय म्हणं. काय शिकलाय? कौसे, बघितलंस का ग?"

"बघतिया आत्या," कौसाबाई म्हणाली. "दिवसभर बघतिया."

आत्या अंधार पडेपर्यंत वेचत होती, आणि माझ्या नावानं ओरडत होती. तिचा आवाज इतका खणखणीत मी अण्णा गेल्यापासून ऐकला नव्हता. ओटी भरली की बांधावरच्या फडक्यात रिकामी करायची आणि पुन्हा यायची. मी शेवटी वळून बघितलंच, पण तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती. एक कणीस उचलायची, बोटानं माती झाडायची, डोळ्यांजवळ नेऊन बघायची, मग ओटीत. पुन्हा एक. तिला घाई नव्हती. आम्ही दिवसभर ज्वारी पाट्यांनी आणि पेंढ्यांनी मोजली. ती मात्र एकेका कणसाची ओळख करून घेत होती.

जुन्या करारात लाकट एका जागी असं येतं की त्याचा कर्ता देव आहे. दूर दूर विखुरलेल्या लोकांना तो गोळा करील, आणि तेही एकेक करून, असं तिथे म्हटलंय. मी ती जागा यादीत शेवटी टाकली होती, कारण ती कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. त्या संध्याकाळनंतर ती बसली. गठ्ठ्यानं न्यायला हात मोठा लागत असेल. एकेक करून न्यायचं तर वाकावं लागतं. आमच्या अण्णांना कोणत्या हातानं उचललं असेल, याबद्दल माझ्या मनात तेव्हापासून शंका नाही.

सोमवारी आश्रमाच्या बाई आल्या. आत्यानं त्यांना नव्या ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी खाऊ घातली, शेळीचं दूध पाजलं, आणि परत लावून दिलं. निघताना त्या म्हणाल्या म्हणे, इतकी गोड भाकरी आमच्याकडे होत नाही. आत्यानं त्यांच्या पिशवीत दोन भाकरी बांधून दिल्या. महिन्याभरानं मी ते पोतं पुन्हा पाठवलं. या वेळी ते राहिलं. "सरवा संपत आला की लागंल," एवढाच निरोप आला. पाळकसाहेबांचं म्हणणं बरोबर होतं. क्रमाचाच प्रश्न होता.

त्या सोमवारनंतरच्या गुरुवारी मी क्रियापद मांडलं. बँकेच्या बाईंनी विचारलं, एका वाक्यात सांगायचं तर लाकटचा अर्थ काय? मी म्हणालो, "एका वाक्यात येत नाही. त्याला निदान दोन माणसं लागतात. एक वाकणारा आणि एक न बघणारा." पाळकसाहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. त्यांनी माझं लिहून घेतलेलं ते पहिलंच.

या गोष्टीला आता बरेच हंगाम झाले. ओढ्याकडच्या पट्टीची कणसं मोडायला मी दर वर्षी रजा टाकून जातो. ऑफिसात विचारतात, मजूर मिळत नाहीत का? मिळतात, असं मी सांगतो. आत्या आता उभ्यानं वाकत नाही. बसून सरकत सरकत वेचते, ओरडायचं मात्र उभ्यानं ओरडावं तसंच. कौसाबाई एकदा मला मनगटाची ती लय शिकवायला लागली होती. आत्यानं बांधावरून तिला दम भरला.

काल संध्याकाळी कडब्याच्या ट्रॉलीमागे अडकलो होतो तेव्हा फोन वाजला. गावातल्या कुणाच्या तरी मोबाइलवरून आत्या.

"पट्टी वाळलीया. कवा येतुयास?"

"शनिवारी."

"ये. आन् ऐक. काढणी कुनाकडनं शिकून येऊ नगंस."

"नाही शिकत," मी म्हणालो, आणि ट्रॉलीच्या मागे स्कूटर सावकाश चालू ठेवली. कडब्यातून एक चुकार कणीस निसटून रस्त्यावर पडलं. मी ते बघितलं, आणि बाजूनं पुढे गेलो.